निळ्या क्रॉसवरचा तोडलेला शब्द : 'पूर ल मेरीत'

शाईदौत

मागच्या महिन्यात लेकीकडे बर्लिनला होतो. एक दिवस पाऊस असा धरून बसला की ती म्हणाली, बाबा, आज संग्रहालयात जाऊ. तिथल्या एका काचपेटीपुढे मी जो उभा राहिलो तो हललोच नाही. आत एक निळा क्रॉस होता. तळहातात सहज मावेल एवढा, पाचेक सेंटिमीटरचा. निळा कसा, तर शाईची दौत उन्हात धरून बघितल्यावर दिसतो तसा, खोल. चार बाहू मध्याशी निमुळते आणि बाहेर रुंद होत गेलेले, प्रत्येकाच्या टोकाला खाच, म्हणजे एकूण आठ टोकं. बाहूंच्या मधल्या कोनांत पंख पसरलेले चार सोनेरी गरुड. वरच्या बाहूवर मुकुट आणि 'एफ' हे अक्षर. बाकीच्या तीन बाहूंवर सोनेरी मजकूर : डावीकडे 'पूर', उजवीकडे 'ल मे' आणि खाली 'रीत'.

लेक म्हणाली, हे फ्रेंच आहे, 'पूर ल मेरीत', म्हणजे 'गुणवत्तेसाठी'. प्रशियाच्या, म्हणजे बर्लिनच्या जुन्या जर्मन राज्याच्या, राजाचा हा सर्वांत मानाचा लष्करी सन्मान.

तेव्हापासून तीन गोष्टी डोक्यातून जात नाहीत. फ्रेंचांशी पिढ्यान् पिढ्या लढलेल्या राज्यानं आपल्या सर्वोच्च पदकावर फ्रेंच का लिहावं? 'मेरीत' हा एकच शब्द दोन बाहूंवर तोडून का लिहावा? एवढे कसबी कारागीर, त्यांना जागेचा अंदाज आला नसेल हे मनाला पटत नाही. आणि तिसरं म्हणजे शेजारच्याच पेटीत याच नावाचं एक गोल पदक होतं, ते विद्वान आणि कलावंतांना देतात म्हणे, आणि आजही देतात. तोफा चालवणाऱ्याला आणि व्याकरण लिहिणाऱ्याला एकाच नावाचा सन्मान कसा?

इथे इतिहासाचे आणि नाण्या-पदकांचे जाणकार बरेच आहेत. कृपया लिहा.

अडगळ

वाचतोय. प्रश्न आवडले.

पंतोजी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, ते सोपं आहे. फ्रेडरिक दुसरा, ज्याला लोक थोरला फ्रेडरिक म्हणतात, तो ३१ मे १७४० रोजी गादीवर आला आणि लगेच त्यानं हा सन्मान सुरू केला. त्या काळात युरोपभर दरबाराची भाषा फ्रेंच होती. फ्रेडरिक स्वतः कविता करायचा त्या फ्रेंचमध्ये, पत्रं लिहायचा ती फ्रेंचमध्ये. पेशवाईतल्या आपल्या कागदांत फारसी शब्द जागोजागी दिसतात, तेव्हा लिहिणाऱ्याला आपण परकं काही लिहितोय असं वाटत नव्हतं. तसंच हे.

पण त्याच्याही मागे एक गोष्ट आहे. हा सन्मान कोऱ्या पाटीवर निघालेला नाही. फ्रेडरिकचे आजोबा, पुढे प्रशियाचे पहिले राजे झाले ते, लहान राजपुत्र असताना १६६७ मध्ये त्यांच्या नावानं एक सन्मान निघाला होता. त्याचं नाव 'औदार्य', तेही फ्रेंचमध्येच. तो मिळायचा मुख्यतः मर्जीवर. नातवानं तो मोडीत काढला आणि नाव बदलून 'गुणवत्तेसाठी' केलं. मला या एका शब्दाच्या बदलात सगळं आलं असं वाटतं. आधी देणाऱ्याच्या मनाचा मोठेपणा मोठा होता, आता घेणाऱ्याचं काम मोठं झालं. वरच्या बाहूवरचा 'एफ' म्हणजे फ्रेडरिकच.

चकली

यालाच 'ब्लू मॅक्स' म्हणतात ना? हा मॅक्स म्हणजे आपले मॅक्स म्युलर का? पुण्यात जर्मन शिकताना कुणीतरी असं सांगितल्याचं आठवतंय.

रानवारा

चकली, नाही हो. हा मॅक्स म्हणजे मॅक्स इमेलमान, पहिल्या महायुद्धातला वैमानिक. १२ जानेवारी १९१६ रोजी इमेलमान आणि ओस्वाल्ड ब्योल्के या दोघांना हा क्रॉस एकाच दिवशी मिळाला. वैमानिकांमधले हे पहिलेच. दोघांनीही तोवर शत्रूची आठ-आठ विमानं पाडली होती. निळा रंग आणि इमेलमानचं नाव, यावरून 'निळा मॅक्स' हे टोपणनाव पडलं असं सांगतात. त्याच जूनमध्ये इमेलमान गेला आणि ऑक्टोबरमध्ये ब्योल्के. ब्योल्केचं विमान स्वतःच्याच साथीदाराच्या विमानाला हवेत घासलं. पंचविशीचीच मुलं होती दोघं.

पुढे आठ विमानं पुरेनाशी झाली. 'लाल बॅरन' म्हणून प्रसिद्ध असलेल्या मानफ्रेड फोन रिख्टहोफेनला जानेवारी १९१७ मध्ये हा क्रॉस मिळाला तेव्हा त्याच्या नावावर सोळा होती. पहिल्या महायुद्धात एकूण ६८७ जणांना हा क्रॉस मिळाला. पायदळ, आरमार, विमानदळ, सगळे धरून. वाळवंटातल्या लढायांमुळे नाव झालेला रोमेल त्यातलाच. तेव्हा तो तरुण अधिकारी होता आणि इटलीच्या डोंगरांत लढत होता, डिसेंबर १९१७.

चकली

धन्यवाद रानवारा! म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचा मॅक्स धरून बसले होते. :)

मद्रासी मराठी

आरमाराचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मी चेन्नईत वाढलो. तमिळमध्ये एखादा फार हुशार, कुणाच्या हाती न लागणारा माणूस असेल तर त्याला 'एमडन' म्हणतात. लहानपणी मला तो तमिळच शब्द वाटायचा. एमडन ही जर्मन युद्धनौका. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री तिनं मद्रासच्या बंदरावर तोफा डागल्या आणि तेलाच्या टाक्या पेटवल्या. ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशी ऑस्ट्रेलियाच्या सिडनी या युद्धनौकेनं तिला निकामी केलं. तिचा कप्तान कार्ल फोन म्युलर. त्याला हाच निळा क्रॉस मिळाला, पण १९१८ मध्ये. पकडलेल्या जहाजांवरच्या माणसांना तो नीट वागवायचा, त्यामुळे इंग्रज वर्तमानपत्रांनीही तेव्हा त्याचं कौतुक केलं होतं.

आमच्या शेजारच्या आजी नातवाला ओरडायच्या, 'अरे एमडन, इकडे ये!' त्या शब्दामागे एवढं सगळं आहे हे त्यांना ठाऊक असेल असं वाटत नाही.

चकली

म्हणजे मॅक्स नाही, पण म्युलर सापडला.

सुभेदाराची नात

सगळं वाचलं. माहिती छान आहे, पण माझ्या मनात एक गोष्ट सलतेय ती लिहिते.

हा क्रॉस पहिल्या महायुद्धात फक्त अधिकाऱ्यांनाच मिळत होता. शिपायानं, हवालदारानं कितीही पराक्रम केला तरी नाही. त्यांच्यासाठी वेगळा 'सोन्याचा लष्करी गुणवत्ता क्रॉस' होता आणि लोक त्याला खालच्या हुद्द्यांचा पूर ल मेरीत म्हणत. 'गुणवत्तेसाठी' असं लिहायचं आणि आधी खांद्यावरच्या पट्ट्या बघायच्या, हे मला पटत नाही.

माझे पणजोबा पलटणीत होते, त्यामुळे आमच्या घरात पदकांची गोष्ट नेहमी निघते. माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. समोर जर्मन मशीनगन. तुकडीतले सगळे पडलेले, घाडगे एकटे उरले. त्यांनी बाँब फेकून मशीनगन बंद पाडली, आत शिरले, गोळ्या संपल्या तेव्हा बंदुकीच्या दस्त्यानं लढले आणि तिथेच पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते नाईक होते, अधिकारी नव्हते. व्हिक्टोरिया क्रॉस ओबडधोबड काशाचा असतो, त्यात सोनं नाही, मिना नाही. पण तो कुणालाही मिळू शकतो. मला तो जास्त देखणा वाटतो.

पंतोजी

ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. फक्त एक भर घालतो : व्हिक्टोरिया क्रॉस निघाला १८५६ मध्ये, पण हिंदी शिपायांना तो मिळायची सोय झाली १९११ मध्ये. तिथेही दार उघडायला पंचावन्न वर्षं लागली.

सुभेदाराची नात

हो, तेही खरं आहे. आमच्या घरी ते तारखेसकट सांगतात.

बर्लिनकर मी

शाईदौत काका, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो. मी इथे बारा वर्षं राहतोय आणि या विषयावर जे मिळेल ते वाचत आलोय. जरा लांब लिहीन, सांभाळून घ्या.

आपण समजतो की हे मुळात लढाईचं पदक आणि नंतर विद्वानांना द्यायला लागले. खरी गोष्ट उलटीच म्हणायला हवी. फ्रेडरिकच्या काळात असा भेद नव्हताच. सेनापतींना मिळायचं तसं गणिती मोपेर्तुईला मिळालं, इटालियन लेखक अल्गारोत्तीला मिळालं आणि फ्रेंच लेखक-विचारवंत व्हॉल्तेरलाही मिळालं.

व्हॉल्तेरची कथा ऐकण्यासारखी आहे. १७५० मध्ये राजानं त्याला पॉट्सडॅमला बोलावून घेतलं. हा क्रॉस दिला, दरबारी मानाची सोन्याची किल्ली दिली, घसघशीत तनखा दिला. रोज रात्री जेवणाच्या टेबलावर दोघांच्या गप्पा रंगायच्या. मग बिनसलं. व्हॉल्तेरनं मोपेर्तुईची जाहीर टिंगल केली. मोपेर्तुई म्हणजे राजाच्याच विद्वत्सभेचा अध्यक्ष, त्यामुळे राजा भडकला. मार्च १७५३ मध्ये व्हॉल्तेर निघाला. फ्रँकफुर्टला पोचतो तर प्रशियाचा अधिकारी दारात हजर : क्रॉस परत करा, किल्ली परत करा आणि राजानं दिलेलं त्याच्या कवितांचं पुस्तक परत करा. पुस्तक मागून येणाऱ्या सामानात होतं. ते येईपर्यंत व्हॉल्तेर अडकून पडला आणि ते आल्यावरही त्याला लगेच सोडलं नाही. क्रॉसपेक्षा राजाला कवितांची जास्त काळजी होती. त्या भलत्या हाती पडून छापल्या जातील ही भीती!

हा सन्मान फक्त लष्करी झाला तो १८१० मध्ये. नेपोलियननं प्रशियाला धूळ चारली होती, निम्मं राज्य गेलं होतं, सैन्य नव्यानं उभं करायचं होतं. तिसऱ्या फ्रेडरिक विल्यमनं ठरवलं की हा क्रॉस आता रणांगणावरच्या कर्तबगारीलाच. १८१३ मध्ये त्यावर ओकच्या तीन पानांची भर पडली, ती क्रॉसच्या वर जोडलेली असतात. काळ्या फितीला दोन्ही कडांशी चंदेरी रेघ असते. पानं मिळालेल्याच्या फितीला मधोमध तिसरी.

मग १८४२. नवा राजा, चौथा फ्रेडरिक विल्यम, आणि त्याचा सल्लागार अलेक्झांडर फोन हुम्बोल्ट, जगभर हिंडलेला निसर्गशास्त्रज्ञ. ३१ मे १८४२ रोजी शास्त्रं आणि कलांसाठी वेगळा वर्ग सुरू झाला. तारीख बघा, थोरल्या फ्रेडरिकच्या राज्यारोहणाचीच. तीस जर्मन सभासद, एक गेला की उरलेल्यांनी मतं देऊन दुसरा निवडायचा आणि राजानं शिक्कामोर्तब करायचं. परदेशी सभासद वेगळे. पहिल्याच यादीत गणिती गाउस, भाषा आणि लोककथांचे याकोब ग्रिम, संगीतकार मेंडेल्सोन. परदेशांतून शास्त्रज्ञ फॅरडे, संगीतकार लिस्ट आणि रोसिनी. हुम्बोल्ट या वर्गाचे पहिले कुलपती, १८५९ मध्ये जाईपर्यंत.

तेव्हा काका, तुम्ही बघितलेलं गोल पदक हे लष्करी क्रॉसचं धाकटं भावंड नव्हे. व्हॉल्तेरकडून काढून घेतलेलं त्याच्या जातीच्या लोकांना नव्वद वर्षांनी परत मिळालं, असं मी त्याकडे बघतो.

शाईदौत

बर्लिनकर, काय लिहिलंयत! 'परत मिळालं' हे वाचून पुन्हा जाऊन ते गोल पदक नीट बघावंसं वाटतंय. ते मी घाईत बघितलं. मधे गरुड होता एवढंच आठवतं.

बर्लिनकर मी

मधे सोन्याची गोल चकती, तिच्यावर प्रशियाचा गरुड. चकतीच्या चार बाजूंना थोरल्या फ्रेडरिकची मुकुट घातलेली राजमुद्रा, चार वेळा, अशी मांडलेली की क्रॉसचा आकार तयार होतो. आणि बाहेरून निळ्या मिन्याचं कडं, त्यावर तेच तीन फ्रेंच शब्द. जुन्या क्रॉसचं सगळं आहे त्यात : निळा, सोनं, गरुड, मुकुट, फ्रेडरिकचं अक्षर. फक्त धारदार टोकं गेली आणि वर्तुळ आलं. हे कुणाला सुचलं असेल त्याच्या पाया पडावंसं वाटतं.

आणि त्या गोल कड्यावर शब्द तोडावा लागलेला नाही!

जास्वंद सातारा

पहिल्या यादीत आपल्या ओळखीचीही नावं आहेत हे सांगते. मी संस्कृत शिकवते. फ्रान्झ बोप हे १८४२ चेच. त्यांनी १८१६ मध्ये संस्कृत क्रियापदांची रूपं ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मनशी ताडून पाहिली आणि तुलनात्मक भाषाशास्त्राचा पाया घातला. नलोपाख्यान लॅटिन भाषांतरासह त्यांनी १८१९ मध्ये छापलं. ऑगस्ट विल्हेल्म श्लेगल हेही त्याच यादीतले. बॉनला बसून त्यांनी १८२३ मध्ये भगवद्गीता देवनागरी टाइपात छापली.

आणि चकली, तुमचे मॅक्स म्युलर अगदीच चुकीचे नाहीत! त्यांनाही हा सन्मान मिळाला, पण गोल, विद्येचा. १८७४ मध्ये. सायणभाष्यासह ऋग्वेदाचा शेवटचा खंडही त्याच वर्षीचा, सहावा. पंचवीस वर्षं चाललेलं काम. त्या ग्रंथाच्या संस्कृत मुखपृष्ठावर त्यांनी स्वतःला मोक्षमूलरभट्ट म्हटलंय. जन्म शार्मण्यदेशात आणि निवास गोतीर्थी, म्हणजे ऑक्सफर्डला. बैलांनी नदी ओलांडायची जागा या अर्थाचं ते नाव त्यांनी संस्कृतात नेलं. मुलांना वर्गात हे सांगते तेव्हा त्यांचे डोळे चमकतात.

सन्मान मिळाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना विंडसरच्या राजवाड्यात जेवणाचं बोलावणं आलं. परक्या राजाचं पदक इंग्लंडच्या राणीसमोर घालावं की नाही? त्यांनी राजपुत्र लिओपोल्डला विचारलं. उलट तार आली, तिचा आशय असा की घातलं तर चालेल असं नाही, घालायलाच हवं.

पुढे १८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहाची दीड वर्षाची शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी राणीकडे केलेल्या अर्जावर मॅक्स म्युलर यांची सही होती. तुरुंगात त्यांनी टिळकांना ऋग्वेदाची प्रत पाठवली. सप्टेंबर १८९८ मध्ये टिळक मुदतीआधी सुटले. हिंदुस्थानात एकदाही पाऊल न टाकलेला माणूस.

चकली

जास्वंदताई, तुम्ही माझी लाज राखलीत. आता सगळ्यांना सांगणार.

अडगळ

+१ जास्वंद. या एका प्रतिसादासाठी धागा जपून ठेवतोय.

उंबरठा

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये. राजांनी दिलेली पदकं विद्वानांनी का घ्यावीत? ज्याचं काम मोठं आहे त्याला राजाच्या मुद्रेची गरज काय? आणि पुढे याच जर्मनीत काय झालं ते आपण जाणतो. हा निळा क्रॉस हेर्मान गोरिंगच्याही गळ्यात होता, १९१८ मध्ये मिळालेला. तो पुढे हिटलरचा उजवा हात झाला हे सांगायला नको. पदकाच्या सौंदर्यात हे बुडू नये एवढंच.

बर्लिनकर मी

उंबरठा, राग कसला. हे लिहायलाच हवं होतं. तुमचा प्रश्न तिथल्या लोकांनाही पडला होता, आणि त्यांनी किंमत मोजून उत्तर दिलं. कवी लुडविग उलांडला १८५३ मध्ये हा सन्मान द्यायचं ठरलं. त्यानं तो नाकारला. १८४८ च्या लोकशाही चळवळीत तो होता. त्याचे सोबती तुरुंगात, परागंदा, आणि आपण राजाचं पदक घ्यायचं हे त्याच्यानं होईना. म्हाताऱ्या हुम्बोल्टनं त्याची मनधरणी केली. तो बधला नाही.

दुसरे आईनस्टाईन. १९२३ मध्ये त्यांची निवड झाली. तेव्हा राजा नव्हता, १९१८ मध्ये राजेशाही गेली होती. लष्करी वर्ग तिच्याबरोबर संपला, पण विद्वानांनी आपला वर्ग स्वतंत्र मंडळ म्हणून चालू ठेवला. १९२९ मध्ये चित्रकार-शिल्पकार केटे कोलवित्स आल्या, पहिल्या स्त्री सभासद. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि आईनस्टाईन बाहेर पडले. नाझी काळात नव्या निवडी होऊ दिल्या नाहीत. युद्धानंतर सभासद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. पश्चिम जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष थेओडोर होइस यांनी पुढाकार घेतला आणि १९५२ मध्ये मंडळ पुन्हा उभं राहिलं. होइस यांनी आईनस्टाईनना परत येण्याची विनंती केली होती. त्यांनी नकार दिला. ज्यूंच्या कत्तलीनंतर स्वाभिमानी ज्यूनं कुठल्याही जर्मन सरकारी संस्थेशी नातं जोडणं शक्य नाही, असं त्यांनी कळवलं.

मला वाटतं या दोन नकारांशिवाय या सन्मानाचा इतिहास पुरा होत नाही.

उंबरठा

उलांडचं माहीत नव्हतं. मनापासून आभार.

पंतोजी

१८४२ च्या नियमांत एक गंमत आहे ती राहिली. धर्मशास्त्राला या सन्मानातून स्पष्ट शब्दांत वगळलं होतं. आणि डार्विनला तो मिळाला १८६७ मध्ये, त्याच्या सिद्धांतावरून चर्च आणि शास्त्रज्ञ हातघाईवर आले होते त्याच दिवसांत.

रानवारा

अवांतर : पदकाच्या रचनेचा विषय निघाला आणि सावित्रीबाई खानोलकरांचं नाव अजून कसं नाही आलं? परमवीर चक्र त्यांनी घडवलं. जन्म स्वित्झर्लंडचा, वडील हंगेरियन, आई रशियन. लग्न विक्रम खानोलकरांशी, आणि मग अशा रमल्या की पुराणं आणि संस्कृत कोळून प्यायल्या. चक्रावर चारी बाजूंना इंद्राचं वज्र, मधे राजमुद्रा. धातू कासं, फीत साधी जांभळी, एकही रेघ नाही. आणि पहिलं परमवीर चक्र मिळालं मेजर सोमनाथ शर्मांना, जे त्यांच्या मुलीचे दीर होते.

सुभेदाराची नात

रानवारा, आणि ते कुठल्याही हुद्द्याला मिळतं!

नाणेवाला

जुन्या पदकांच्या नादी लागलेल्यांना सावध करतो. काही वर्षांपूर्वी मी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून हा क्रॉस 'अस्सल' म्हणून मागवला. हातात आल्यावर निळा रंग नखानं खरवडला गेला. मिना नखानं निघत नाही, तो रंग होता. गरुडांची पिसं सुद्धा नीट नव्हती, कोंबडीचे पंख वाटत होते. पैसे परत मिळाले नाहीत.

अस्सल ओळखायचं तर एवढं लक्षात ठेवा : आधीचे क्रॉस सोन्याचे, १९१६ च्या अखेरीपासून चांदीवर सोन्याचा मुलामा, कारण युद्धात सोनं सरकारजमा होत होतं. मागची बाजू कोरी निळी, तिच्यावर एकही अक्षर नाही. शिवाय ज्यांना क्रॉस मिळाला ते लोक मूळचा घरी जपून ठेवून सोनाराकडून दुसरा करून घेत आणि तो वापरत. म्हणजे त्या काळातल्याच पण 'दुसऱ्या' प्रती भरपूर आहेत. त्या नकली म्हणता येत नाहीत.

पेठेतला सोनार

नाणेवाला, तुमच्या मागच्या कोऱ्या निळ्या बाजूचं कारण सांगू? तीन पिढ्या आम्ही मीनाकाम करतोय. मिना म्हणजे दळलेली काच. ती धुवून, ओली असतानाच धातूच्या खोलगट जागेत बसवायची, वाळवायची आणि सुमारे ८०० अंशांच्या भट्टीत घालायची. काच वितळून धातूला धरते. पण निवताना काच आणि धातू सारखे आकसत नाहीत. पत्रा पातळ असेल आणि मिना एकाच बाजूला भरला तर तो वाकतो आणि मिना तडकतो. म्हणून मागूनही मिना भरायचा, म्हणजे दोन्हीकडून ताण सारखा. त्या क्रॉसची मागची बाजू शोभेपुरती निळी नसणार.

बाहेर रुंद होत जाणाऱ्या बाहूंवर मिना भरणं तर फार जिकिरीचं. टोकांच्या खाचांपाशी काच पहिल्यांदा टवका सोडते. शाईदौत, तुम्ही बघितला त्याची टोकं शाबूत होती का?

शाईदौत

होती! फक्त खालच्या बाहूच्या एका टोकाला तिळाएवढा टवका होता. मला वाटलं काचेवरचा डाग आहे.

पण सोनारदादा, माझा दुसरा प्रश्न तुम्हीच सोडवा. बाकी दोन सुटले. शब्द का तोडला?

पेठेतला सोनार

मी फ्रेंच वाचू शकत नाही. कुणीतरी प्रत्येक बाहूवरची अक्षरं सुटी करून सांगा. आम्ही नाव कोरताना अर्थ नंतर बघतो, आधी अक्षरं मोजतो.

बर्लिनकर मी

घ्या. डावा बाहू : पी, ओ, यू, आर. उजवा बाहू : एल, ई, एम, ई. खालचा बाहू : आर, आय, टी, ई.

पेठेतला सोनार

चार, चार, चार.

बघा, वरचा बाहू राजाच्या अक्षरानं अडला. उरले तीन बाहू आणि शब्दही तीनच. कुणालाही वाटेल एका बाहूवर एक शब्द. पण मग डावीकडे चार अक्षरं, उजवीकडे नुसती दोन आणि खाली सहा. उजवा बाहू रिकामा दिसला असता आणि खालच्या बाहूवर अक्षरं इतकी बारीक करावी लागली असती की मिन्यात वाचताच आली नसती. बाहू मध्याशी निमुळता, तिथे सहा अक्षरं कोंबणार कुठे? आता प्रत्येक बाहूवर चार, सगळी एकाच उंचीची, आणि क्रॉस तोललेला. माझ्या हाती काम आलं असतं तर मीही तो शब्द तोडला असता. तो कारागीर काय विचार करत होता हे मला इथे बसून कळतंय.

जास्वंद सातारा

अंगावर काटा आला हे वाचून. बारा अक्षरांचे तीन समान चरण!

शाईदौत

सोनारदादा, मी त्या पेटीपुढे अर्धा तास उभा होतो आणि अक्षरं मोजायचं सुचलं नाही. लेकीला आत्ताच फोन करून सांगितलं. ती येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे, मोजायला आणि त्या टवक्याचा फोटो काढायला. आला की इथे टाकतो.

पेठेतला सोनार

जरूर टाका. टवक्यातून आतला धातू दिसत असेल तर जवळून काढायला सांगा. पिवळा दिसला तर सोनं, पांढरा दिसला तर नाणेवाला म्हणतात तशी १९१६ नंतरची चांदी.